हजेरीत नसलेलं नाव

या सदरात लिहिणारे सगळेच सुरुवातीला सांगतात, की आपला असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझ्या बाबतीत त्याला साक्षीदार आहेत. लिंबातून 'रक्त' कसं काढतात ते मी दर वर्षी चौथीच्या पोरांना करून दाखवते, सुरीला आधी काय लावायचं तेही सांगते. आमच्या सासूबाई दृष्ट काढायला बसल्या की मी बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहते. अशा बाईला हा अनुभव यावा... असो. जसं घडलं तसं लिहिते.

गोष्ट एक्याऐंशीच्या आसपासची. मी मूळची सांगलीकडची, लग्न होऊन वाशीला आले. तेव्हा वाशी म्हणजे नव्या इमारती, मधे मोकळं रान आणि संध्याकाळी मच्छर. आमचे हे ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे. मी खाडीकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. गावाचं नाव देत नाही, माणसं अजून तिथेच आहेत. तीन खोल्यांची शाळा, मागे मिठागरं. तिसरी आणि चौथी एकत्र माझ्याकडे.

आधी झोपेचं सुरू झालं. झोप म्हणजे तुम्हाआम्हाला दुपारी पेंग येते तशी नव्हे. रेशनच्या लायनीत उभी असायची आणि उभ्या उभ्याच जायची. जेवताना घास हातात राहायचा. आणि रात्री म्हणाल तर धड झोप नाही, तुकडे तुकडे. दुपारी डोळा लागून उघडला की हातपाय हलायचे नाहीत, आणि पायथ्याशी एक म्हातारी तांदूळ निवडत बसलेली दिसायची. सुपाचा आवाजसुद्धा यायचा. थोड्या वेळाने हात हलायचा आणि म्हातारी नाहीशी व्हायची. घाबरायचे मी, का नाही घाबरणार? पण ही देवीही नाही आणि हडळही नाही, हे माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय, एवढं कळत होतं. खरं तर तेच जास्त भीतीचं होतं.

मग हसण्याचं सुरू झालं. आमचे हे भयंकर विनोदी. एकदा जेवताना काहीतरी बोलले, मी हसले आणि ताटावरच कोसळले. मान लुळी, जबडा लोंबलेला, डोळे अर्धे मिटलेले. पण ऐकू सगळं येत होतं! सासूबाई रडत होत्या, हे कांदा शोधत होते, आणि कांदा कुठल्या डब्यात आहे ते मला माहीत असून सांगता येत नव्हतं. दोन-चारदा असं झाल्यावर ह्यांनी घरात विनोद करणं सोडलं. लग्नात ज्या गुणावर भाळले तोच माझ्यापायी बंद झाला, याचं मला फार वाईट वाटायचं.

तिसरा प्रकार सगळ्यात विचित्र. झोपेतच माझं काम चालू राहायचं. चहात मीठ, डाळीचा डबा चपलांच्या मांडणीवर. फळ्यावर गणित लिहिता लिहिता ओळ खाली खाली घसरत जायची आणि शेवटी नुसत्या रेघोट्या. जाग आली की यातलं काही आठवायचं नाही.

डॉक्टर किती केले विचारू नका. एकाने रक्त कमी म्हणून लोहाचं टॉनिक दिलं. दुसऱ्याने फिट्स ठरवल्या आणि गोळ्या दिल्या, त्यांनी तर झोप दुप्पट झाली. मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात एका शिकाऊ डॉक्टरने मला हसून दाखवायला सांगितलं. फर्मानावर कोण हसणार हो? हसू काही आलं नाही. त्याने मला वरच्या मजल्यावर मनोविकार विभागात पाठवलं. तिथल्या बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवा. त्यांची तारीख मिळाली थेट दिवाळीच्या तोंडावरची.

इकडे हेडमास्तरांच्या कानावर गेलंच. माणूस वाईट नव्हता. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, की दिवाळीनंतर तपासणी आहे, त्याआधी मोठ्या डॉक्टरांचा दाखला आणा. फिट्स किंवा वेड असं काही त्यात असेल तर मला तुम्हाला पोरांसमोर उभं करता येणार नाही. मी हो म्हटलं आणि घरी बाथरूममध्ये जाऊन रडले. शिकवण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही, आणि करायचंही नव्हतं.

आता मुख्य गोष्ट.

हजेरी मी कधीच पाहून घेत नसे. नावं तोंडपाठ. हजेरीपट उघडा, हातात पेन, आणि नजर पोरांवर. त्यामुळे झोपेतही हजेरी पार पडायची, हे नंतर पोरांनीच सांगितलं. बाईंचे डोळे मिटलेत पण नावं बरोबर चाललीत, याची त्यांना मोठी मौज वाटायची.

गणपती होऊन गेले होते. सोमवारी सकाळी हजेरी चालू असताना वर्गात एकदम कुजबुज झाली आणि मी जागी झाले. सगळे माझ्याकडे बघत होते. पुढच्या बाकावरची दमयंती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मंजुला तं शालंत येत नाय."

"कोण मंजुळा?"

"तुमीच बोल्लात ना आता. मंजुला कान्हा पाटील. ती माजे चुलत्याची पोर. पन तिला सगले चिमीच बोलतान."

मी हजेरीपटावर पाहिलं. असं नाव नव्हतंच. दमयंतीला खोदून खोदून विचारलं. ही मुलगी लहानपणापासून उरणला मोऱ्याच्या बंदरावर मामाकडे वाढली. शाळेत कधी घातलीच नाही. आजारी पडली म्हणून आठवड्यापूर्वी आईकडे आणून ठेवली होती. आणि घरात तिचा कोणी मंजुळा असा उच्चारसुद्धा करत नसे. मग मी नाव ऐकलं कुठे? आजार काय, तर दमयंती म्हणाली, "तिला हसवाची नाय. हसली का पडते."

माझ्या अंगावर काटा आला. भुताच्या भीतीने नव्हे... हे वाक्य माझ्याशिवाय दुसऱ्या कोणासाठी कोणी उच्चारेल असं मला वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या घरी गेले. शाळेत न येणाऱ्या मुलांची गणना करतेय म्हणून सांगितलं. आईने पाणी दिलं, पण मुलीला बाहेर आणायला तयार नव्हती. तेवढ्यात ती स्वतःच दारात आली. अकरा-बारा वर्षांची, हडकुळी, डोळ्यांत झोप. ती माझ्या पायांकडे बघायला लागली. मीही पाहिलं. माझ्या एका पायात काळी चप्पल होती आणि एका पायात तपकिरी, आणि मी तशीच दिवसभर वावरले होते. मुलगी हसली, आणि हसता हसता गुडघ्यांतून दुमडून खाली बसली, मग आडवी झाली. मान लुळी. डोळे अर्धे मिटलेले.

आई ओरडून कांदा आणायला आत धावली. मी मुलीजवळ जमिनीवर बसले, तिच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "तुला ऐकू येतंय ना? मला माहीत आहे येतंय. आत्ता उठशील तू. मलाही असंच होतं."

ती उठून बसली तेव्हा तिने पहिलं विचारलं, "तुमाला कसा ठाव, मना आयकू येतं?"

आई कांदा हातात धरून उभीच राहिली. तोवर त्या घरात सगळ्यांना वाटत होतं, की पोर पडली की तिला शुद्ध नसते. तिच्या उशाशी बसून लोक वाटेल ते बोलले होते... कोणी भगताकडे न्या म्हणालं, कोणी त्याहून वाईट. ते सगळं पोरीने ऐकलं होतं. आई तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली. मीही रडले, लाज कशाला वाटायला हवी.

रडणं आवरल्यावर आई म्हणाली, "बाई, तुमी शालेच्या म्हनून सांगते. काल सकाली ही उंबऱ्याशी निजली व्हती. मी कोलंबी सोलत व्हते. तं झोपेत मोठ्यानं बोलली, हजर बाई. आमची पोर शालंत कदी गेली नाय. तवापासून माजे जिवाला घोर लागलाय."

काल म्हणजे सोमवार. मी अजून हजेरीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. दमयंतीने घरी येऊन सांगितलं असेल म्हणावं, तर तसंही नाही. मी शिक्षिका, पडताळा घेतल्याशिवाय सोडणार नाही. दमयंतीच्या आईला गाठलं. ती म्हणाली, की जाऊबाई घाबरून सोमवारी सकाळीच तिच्याकडे हे सांगत आल्या होत्या, तेव्हा पोरं शाळेतच होती.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मला याचं काही कळत नाही. पण तुझ्या तारखेला त्या मुलीलाही घेऊन जाऊ."

भगताकडे आधी जायचं की डॉक्टरकडे, यावर त्यांच्या घरात बरंच झालं. पण मंजुळाच बाईंबरोबर जाणार म्हणून हटून बसली. तारखेला मी, हे, मंजुळा आणि तिची आई असे चौघं हॉस्पिटलात पोचलो. मोठे डॉक्टर वयस्क, गंभीर, भोवती विद्यार्थी. त्यांनी माझी सगळी हकीकत ऐकली. चेहऱ्यावर विश्वासही नाही आणि अविश्वासही नाही. मग मंजुळाला टेबलावर बसवलं आणि रबरी हातोडीने तिच्या गुडघ्यावर ठोकायला लागले. ती थोडा वेळ बघत राहिली, मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बाई, ह्यो सुतार हाय का?"

झालं! मी आडवी. मी पडले ते बघून मंजुळा हसली आणि तीही टेबलावरच कलंडली, ह्यांनी धरली म्हणून खाली आली नाही. तिची आई म्हणाली, "आता दोगी गेल्या."

डॉक्टरांनी आम्हाला उचललं नाही की कांदा मागवला नाही. ते माझ्याजवळ गुडघे टेकून बसले आणि पुन्हा हातोडी ठोकली. माझा पाय जराही उडाला नाही. मग मंजुळाचा. तोही नाही. मी पडल्या पडल्या ऐकत होते, ते विद्यार्थ्यांना सांगत होते, की बघा, नीट बघा, हे तुम्हाला पुन्हा बघायला मिळेल की नाही सांगता येत नाही. वर्षभर मी जे सांगत होते आणि कोणी मानत नव्हतं, ते सगळ्यांना तिथे समोर दिसत होतं. मला उठायचीही घाई वाटेना.

आजाराचं नाव नार्कोलेप्सी. फिट्स नाहीत, वेड नाही. स्वप्नातली झोप जागेपणी मधेच घुसते, असं डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. तांदूळ निवडणारी म्हातारी ही त्याचाच भाग, चहातलं मीठही त्याचाच भाग. गोळ्या दिल्या. दाखल्यावर ठळक लिहिलं, की या बाई शिकवायला समर्थ आहेत, मात्र मधल्या सुट्टीत थोडा वेळ झोपू द्यावं. तो कागद हातात घेतल्यावर मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होते.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, इतका दुर्मीळ आजार, त्यात ही दुसरी पेशंट तुम्हाला सापडली कशी? मी खरं ते सांगितलं. हजेरीचंही, 'हजर बाई'चंही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुमचं म्हणाल तर नाव कुठेतरी कानावर पडलं असेल, झोपेत वर आलं," ते म्हणाले. "मुलीचं मात्र मला सांगता येणार नाही. आणि हे मी लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हाला परत वरच्या मजल्यावर पाठवावं लागेल."

तेव्हा मी तो विषय तिथेच सोडला. दाखला पदरात पडला होता, तो घालवायचा नव्हता. हेडमास्तरांनी मधल्या सुट्टीसाठी मला ऑफिसातला बाक दिला. मंजुळा दिवाळीनंतर शाळेत आली. पहिलीच्या पोरांत उंच दिसायची म्हणून सुरुवातीला लाजायची, पण सातवीपर्यंत नेटाने शिकली. दोघींच्या गोळ्या एकाच वेळी संपायच्या, मग दोघी मिळून हॉस्पिटलची बस पकडायचो आणि बसमध्ये दोघीही झोपायचो. कंडक्टरला आधीच सांगून ठेवायचं, उठवा म्हणून.

तर झालं ते असं. आजाराचा उलगडा झाला, पण त्या सोमवारचा नाही. एकदा मला पटतं की नाव मी गावात कुठेतरी ऐकलं असणार. मग 'हजर बाई' आठवतं आणि सगळं मुसळ केरात. पोरगी जर शाळेत कधी गेलीच नव्हती, तर तिने ओ कोणाला दिली?

गेल्या वर्षी मंजुळाचं लग्न झालं, उरणलाच दिलीय. नवऱ्याला तिने लग्नाआधीच सगळं सांगितलं, हसल्यावर पडते तेही. पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा मला भेटायला शाळेत आली होती. मी तिला म्हटलं, "मंजुळा, मला अजून त्या दिवसाचं कोडं सुटलेलं नाही. तुला काय वाटतं गं?"

तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "त्यात कोडं कसला, बाई? मी पडून राह्यची तवा सगले माज्या अंगावरून बोलायचे, माज्याशी कोनी बोलत नव्हता. तुमी नाव घेऊन हाक मारलीत. मग मी ओ देनार नाय?"