धुतल्या हातानं

लाल साबणाचा वास आला की मला १९८४ चा उन्हाळा आठवतो. बैलबंडीचं चाक पायावरून गेल्याने वडील वर्ध्याच्या दवाखान्यात होते. जवळ आई आणि मी, आणि आईच्या बटव्यात तीनशे रुपये. जखमेतला पू थांबत नव्हता. पुवाची तपासणी करून मोठे डॉक्टर म्हणाले, "इथले जंतू आमच्या इंजेक्शनांना जुमानत नाहीत. एकच औषध उरलंय. तेही लागू पडलं नाही, तर पाय काढावा लागेल. आणि हे जंतू हातांवरून पसरतात, शेजारच्या रोग्यांना जपा." औषध नागपूरहून आणण्यात बहुतेक पैसे गेले. उरलेल्यांतून आईने साबण घेतला आणि बादली भरून ती वॉर्डाच्या दारातच बसली. आमच्याकडे रोग्याला पाहायला रिकाम्या हाताने जात नाहीत. देवळीची आत्या केळी घेऊन आली, तर आई म्हणाली, "आत्याबाई, केळी राहू द्या, पहिले हात धुवा." आत्या फणकारली, "मी काय शेण थापून आली काय?" खाटेवरून वडील म्हणाले, "धू वो बाई. मले त हे वीस वर्षांपासून धुऊन राह्यली." सारा वॉर्ड हसला. दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांपुढेही आईने साबण धरला, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले. औषध लागू पडलं, वडील स्वतःच्या दोन्ही पायांवर घरी निघाले. बटव्यातले शेवटचे पैसे आईने फाटकाबाहेरच्या दुकानदाराला दिले, साबणाच्या नव्या वडीचे. ती वडी डॉक्टरांच्या हातात ठेवत ती म्हणाली, "तुमच्याकडे रिकाम्या हातानं कशी येऊ?"