रेणू भ्याली होती

रेणूनं वहीचा कागद फाडला, ओला केला आणि मी बसले होते तेवढाच बाक पुसला. कागद खिडकीतून फेकला. "लेंड्यांचा वास मारतोय," ती म्हणाली. सहावीचा वर्ग. सगळे हसले. सर फळ्यावर लिहीत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि पुन्हा लिहू लागले.

आदल्या दिवसापर्यंत रेणू माझी मैत्रीण होती.

आम्ही मेंढरं वळणारी माणसं. गाव उमापूरच्या पुढे. नाव सांगत नाही. त्या हिवाळ्यात आमचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, रेणूच्या वडिलांच्या रानात होता. मेंढरं बसली की जमिनीला खत मिळतं. त्याबदल्यात ते ज्वारी द्यायचे. वाडा गावाजवळ असला की मी शाळेत जायचे.

वाड्यावर एक रीत होती. मेंढीचे कान ताठ झाले, कुत्र्यानं शेपूट पायात घातली, की ज्याला आधी दिसेल त्यानं तिथल्या तिथं ओरडून सांगायचं. लहानमोठं बघायचं नाही. मनात ठेवलं तर लांडगा कोकरू नेतो.

माणसांची भीती दिसली तरी बोलायची नसते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी सर गणिताचे पेपर वाटणार होते. रेणू चार मुलींना सांगत होती, "मला पैकीच्या पैकी पडणार, बघाच." तिचा अंगठा मुठीत आवळलेला होता. ती सारखी आवंढा गिळत होती. मी मोठ्यानं विचारलं, "रेणू, तू लई भ्यालीस. कावून? घरी मारतेत का?"

मी तिच्या मदतीला बोलले होते. मुलींनी रेणूकडे पाहिलं. रेणूचा चेहरा उतरला. तिला काय वाटतंय ते मला कळलं होतं. आता ती काय करील, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं बाक पुसला.

मग मी बोलणं बंद केलं. कोण माझ्याजवळून उठणार, ते ती उठायच्या आधीच मला दिसायचं. म्हणून मीच मागच्या भिंतीशी बसू लागले. खिचडी घेऊन एकटी हातपंपामागे जायचे. सर म्हणाले, "हिच्या डोक्यात काही शिरत नाही." मी मान खाली घातली. तेवढं त्यांना पुरलं.

आठवड्यानं रेणूचे वडील मोटारसायकलवरून वाड्यावर आले. मागे रेणू.

"आमच्या घरात मारतेत म्हणून गावभर सांगती व्हय ही? पड पोरीच्या पाया."

माझ्या बापानं हात जोडले. मला म्हणाला, "पड बाई. आपल्याला रान पायजे."

वाकले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी रेणूकडे पाहिलं. ती वडिलांपासून हातभर लांब उभी होती. मोजून ठेवल्यासारखी.

"न्हाई," मी म्हणाले. "मी खोटं न्हाई बोलले."

"काय म्हणलीस?"

"रेणू आत्ताबी भ्यालीय. तुमाला."

त्यांनी हात उगारला. माझ्यावर. आणि रेणूनं दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं झाकलं.

ते सगळ्यांनी पाहिलं. माझ्या आईनं, बापानं, रेणूच्या वडिलांनीही. हात वरच राहिला. मग खाली आला. "सांजच्या आत रान खाली करा," ते म्हणाले आणि मोटारसायकलकडे वळले. रेणू मागे बसली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

बाप मेंढरांभोवतीच्या जाळीचे खुंटे उपटत होता. एक खुंटा हातात धरून म्हणाला, "तुला दिसलं ते आमाला दिसत न्हाई व्हय? गप बसावं लागतं."

तेव्हा मला खरी भीती वाटली. बापाला ठाऊक होतं. सरांनाही ठाऊक असणार. न कळणारं तिथं कुणीच नव्हतं.

"मी न्हाई बसणार गप," मी म्हणाले.

त्यानं पुढचा खुंटा उपटला. माझे पाय थरथरत होते. आजही बोलण्याआधी थरथरतात. ते थांबायची वाट मी बघत नाही. बघणार नाही.