त्यानं भाजलेला राब

राबाचा धूर नाकात गेला की शेजारचा सुतार आठवतो. उत्तरेतून आलेला, पण आमच्यासारखाच ‘नाय’ म्हणणारा. परप्रांतीयांवरून राजकारण पेटलं आणि मराठी येत नाही म्हणून मुरबाडच्या बाजारात त्याच्या बायकोला कुणीतरी थोबाडीत मारली. महाराष्ट्र सोडायचा की राहायचं, यावरून त्यांच्या घरात रोज वाद व्हायचे. “जाऊ नको रे,” बाबा त्याला म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडून कसायला घेतलेल्या तुकड्यावर पाला पसरून भाताच्या रोपासाठी राब भाजताना दिसला. राब भाजणारा पेरणीला थांबतोच, म्हणून आमचा जीव भांड्यात पडला. सकाळी त्याच्या दाराला कुलूप होतं. फोनवर म्हणाला, “राब तुमच्यासाठी भाजलाय, बाबा. आमी आता नाय येत.” त्या वर्षी रोप हिरवंगार आलं आणि लावणीसाठी ते उपटताना बाबा रडले. आता तिथला राब मी भाजतो. कुलूप अजून तसंच आहे.