करडईच्या तेलातली भजी

करडईचं तेल तापलं की मला तो दुष्काळातला उन्हाळा आठवतो. शहरात चकचकीत दुकानं उभी राहत होती आणि आमच्या गल्लीत आठवड्यानं टँकर येत होता. पाम तेलासाठी परदेशात जंगलं तोडतात, म्हणून आम्ही चार मैत्रिणी ते तेल विकणाऱ्या एका मोठ्या दुकानासमोर फलक घेऊन उभ्या होतो. भूक लागली तशी शेजारच्या हातगाड्यावर भजी खाल्ली. तेवढ्यात दुकानाचा मॅनेजर बाहेर आला आणि गाड्याखालचा पाम तेलाचा डबा दाखवून खदाखदा हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्यातली पाचोड गावची मैत्रीण मात्र दुसऱ्या दिवशी घाण्यावरच्या करडईच्या तेलाचा डबा घेऊनच एसटीतून उतरली. "काका, आज ह्यात तळा," ती गाडेवाल्याला म्हणाली. खमंग वास रस्ताभर पसरला आणि दुकानात निघालेली माणसं गाड्याकडं वळली. मॅनेजर धावत आला, "चलो, हटा इथून!" ती जागची हलली नाही. "आम्ही नाय हटत. आधी हा वास अडवून दाखवा." आजही दुकानाच्या गल्ल्यापाशी मी बिस्किटाचा पुडा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचते, आणि पाम तेल दिसलं की पुडा परत ठेवते. माझ्यामागं रांग खोळंबते. खोळंबू दे.