जपानी इंजिनाची जीप आणि तामियाचा घाट

एप्रिलच्या शेवटी नागपूरहून तामियाला जाऊ नका. हा ब्लॉग उघडणारे निम्मे लोक 'जावं की नाही' एवढंच बघायला येतात, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. डिसेंबरात जा, पावसाळा संपल्यावर जा. आम्ही एप्रिलमध्ये गेलो, कारण आम्ही फिरायला गेलोच नव्हतो. माझ्या मोठ्या भावाला एक जीप मालकाकडे पोचवायची होती आणि बाजूच्या सीटवर बसून बडबड करायला कोणीतरी हवं होतं. त्या कामात आमच्या घरात माझा हात कोणी धरू शकत नाही.

दादाचं गॅरेज कामठी रोडला आहे, बाबांनी सुरू केलेलं. माझ्या लहानपणी तिथे जीपा आणि टॅक्स्या रस्त्यापर्यंत उभ्या असायच्या. आता लोक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातात, आमच्याकडे येतात त्या म्हाताऱ्या गाड्या आणि त्यांचे तितकेच म्हातारे मालक. कळमेश्वरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सची नोकरी दादाला सांगून आली होती. तो 'पाहू' म्हणत दिवस काढत होता. बावन्नाव्या वर्षी दुसऱ्याचा गणवेश घालायचा म्हणजे माणूस 'पाहू'च म्हणणार.

तेवढ्यात दुबेजी आले. त्यांचा मध्य प्रदेशात तामियाला होमस्टे आहे आणि पाहुण्यांना जंगलात, पॉइंटांवर फिरवायला पाच जुन्या फोर-व्हील जीपा आहेत. पाचांचीही इंजिनं थकलेली. त्यांनी एक जीप दादाकडे दिली, तिच्यात जपानी डिझेल इंजिन बसवून द्या म्हणाले, ती नीट चालली तर बाकी चारही तुमच्याच. चार जीपांचं काम म्हणजे गॅरेजची दोन वर्षं तरी निघाली असती. ती नाही चालली तर कळमेश्वर. आमची ही सहल एवढ्या एका गोष्टीसाठी होती.

हौशी मंडळींसाठी सांगते, इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आधी लागते. दुबेजींनी ती काढली होती. हे वाक्य कृपया दोनदा वाचा, नाहीतर मला मेसेज करून विचाराल.

इंजिन दादाने स्वतःच्या पैशाने मागवलं, ते मुंबईहून लाकडी खोक्यात आलं, अंगावर जपानी अक्षरांचं स्टिकर. जपानी इंजिन आणि देशी गिअरबॉक्स यांचं जुळवणं म्हणजे पत्रिका न पाहता केलेलं लग्न. मधे बसवायला लेथवर जाड लोखंडी प्लेट कातून आणावी लागली, इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन कापून नव्याने वेल्ड केलं, रेडिएटर पुढे सरकवला. दादा खाली, जीपच्या पोटात, आणि बाबा वर, प्लास्टिकच्या खुर्चीत. बाबांचे गुडघे गेलेत आणि बारीक काम आता दिसत नाही, पण गॅरेजमध्ये शब्द त्यांचाच चालतो. लोक अजूनही दादाला नाही, त्यांना विचारून गाडी टाकतात. 'साहेब, तुम्ही पाह्यली ना? मंग झालं.' दादाला याचं कधी काही वाटलेलं मी पाहिलं नाही. मला वाटायचं.

सकाळी नारळ फोडून निघालो. बाबांनी बोनेटवर हात ठेवला आणि कान देऊन ऐकलं.

"चांगली बोलून राहिली गा," ते म्हणाले. "आता नेऊन दे त्याले."

कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांवर आभाळ पांढरं पडलं होतं. सावनेरला एका हातगाडीवर तर्री-पोहे खाल्ले. दोन प्लेट आणि चहा शंभराच्या आत होतं, तर्रीचा तिखट रस्सा मात्र जरा बेतानेच मागा, पुढचा रस्ता लांब आहे. सावनेरनंतर थोड्याच वेळात मध्य प्रदेश लागतो, पण सौसरपर्यंत कानावर मराठीच पडते. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या, मृगाच्या बहारासाठी पाणी तोडलेल्या, पानं मलूल झालेली. एरवी मला हा रस्ता फार आवडतो. त्या दिवशी सगळा मुलूख आजारातून उठल्यासारखा दिसत होता.

दादा मात्र खुशीत. सपाट रस्त्यावर जीप लोण्यासारखी पळत होती. पाण्याच्या तापमानाचा काटा अर्ध्याच्याही खाली.

"पाह्य बाई, पंख्याखाली बसल्यावाणी थंड हाये," तो म्हणाला. विदर्भात भाऊ बहिणीला बाई म्हणतो, यात कामवाल्या बाईचा काही संबंध नाही, पुण्याच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. "उरलेल्या चार आल्या ना, तं पहिले शेड बदलतो. बाबाले एक कूलर लावतो."

"आणि मले?"

"तुले काहून? तू तं फिरतच राह्यते."

सौसरजवळ जामसावळीला झोपलेल्या हनुमानाचं देऊळ आहे. परत येताना थांबू असं दादा म्हणाला.

रामाकोना सोडल्यावर सिल्लेवानीचा घाट लागतो. रस्ता चांगला आहे, वळणं फार नाहीत, पावसाळ्यात हा घाट हिरवागार असतो म्हणे. आम्हाला सागाची नुसती खोडं आणि मोठमोठ्या वाळक्या पानांचा खच दिसला. पहिल्या चढाला काटा अर्ध्यावर आला. दुसऱ्या वळणावर त्याने अर्धं ओलांडलं. दादा गाणं म्हणत होता तो थांबला.

गाडी कडेला घेतली, बोनेट उघडलं. दादाने बाबांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"ऊन हाये बाबू," बाबा म्हणाले. "थंडी होऊ दे अन् हळू ने. इंजिन नवं हाये, रुळाले वेळ लागन."

जीप थंड झाली, घाट संपला, वरच्या पठारावर काटा शहाण्यासारखा खाली आला. उन्हात पुढे नको म्हणून छिंदवाड्याला मुक्काम केला, बसस्टँडजवळ लॉज मिळाला. बाराशेची खोली, कूलर चालू होता पण पाणी नव्हतं, तेव्हा आधी पाहून मगच पैसे द्या. जेवणात शेवभाजी बरी होती. दादा अर्धवट जेवून खाली गेला आणि पंखा, पट्टा, पाण्याचा पंप सगळं तपासून आला. सगळं ठीक होतं. ठीक असणंच त्याला खटकत होतं हे मला त्याच्या तोंडावर दिसलं.

दुसऱ्या दिवशी परासियामार्गे निघालो. कोळशाच्या खाणींचा भाग आहे, रस्त्यावर काळी धूळ आणि डंपर. तो पट्टा गेला की जंगल सुरू होतं. मोहाच्या झाडाखाली बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या, वास थेट गाडीत येत होता. एकीने हात केला. मी परत केला. या प्रवासातली तेवढीच एक गोष्ट आठवून बरं वाटतं.

तामियाच्या अलीकडच्या चढाला काटा सरळ वर गेला. दादाने गाडी कडेला घ्यायच्या आत इंजिनातून ठकठक ऐकू आली, मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि जीप धक्का खाऊन बंद पडली. मग नुसती वाफेची सूं सूं. दादाने हेडलाइटजवळ हात टेकला आणि मान खाली घातली. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, तापून गेलं होतं. ते त्याला बोनेट न उघडता कळलं आणि त्याला पाहून मला.

वाफ ओसरल्यावर तो चाचपत होता. वरचा पाइप, पंखा, मग खालचा पाइप. तिथे त्याचा हात थांबला.

"बाई, इथं हात लाव."

मी घाबरत लावला. इंजिनाजवळ उभं राहवत नव्हतं आणि रेडिएटरचा खालचा पाइप कोमट होता.

"पाणी इकडं येऊनच नाही राह्यलं," तो म्हणाला आणि मटकन दगडावर बसला.

त्याने सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. इंजिनात थर्मोस्टॅट म्हणून एक छोटी झडप असते. पाणी तापेपर्यंत ती रेडिएटरची वाट बंद ठेवते, तापलं की उघडते. आमच्या भागातले मिस्त्री ती काढूनच टाकतात. नागपूरच्या उन्हाळ्यात वाट बंद कशाला ठेवायची, कायमची उघडी राहू दे, असा हिशेब. बाबांनी जन्मभर प्रत्येक गाडीची झडप काढली आणि एकही गाडी तापली नाही. पण या जपानी इंजिनात तीच झडप दोन कामं करते. रेडिएटरची वाट उघडताना आतली एक आडवाट ती बंद करते. झडपच नसली तर आडवाट उघडी राहते आणि पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातल्या इंजिनातच फिरत बसतं. सपाटीवर निभावतं, चढाला निभावत नाही.

"तुले माहीत नव्हतं?"

"माहीत असतं तं काढली असती का वं? म्या विचारलं होतं बाबाले. वेगळ्या प्रकारचं दिसते, राहू देऊ का म्हणलं. ते म्हणे, काढ."

"मग?"

"मग काढली."

फोन केल्यावर दुबेजी ट्रॅक्टर घेऊन आले. सभ्य माणूस. आधी आम्हाला पाणी दिलं, मग जीपभोवती एक चक्कर मारली. दादाने सगळं खरं सांगितलं, फक्त बाबांचं नाव घेतलं नाही. म्हणाला, झडप मी काढली, चूक माझी. हेड नवीन टाकतो, झडप लावतो, परत घेऊन येतो.

"देखिए भैया, मुझे इसमें बच्चों को बिठाना है," दुबेजी म्हणाले. "पुराना इंजन ही वापस लगा दीजिए. धीरे चलता है, पर चलता है."

चार जीपांचं नाव त्यांनी काढलं नाही. आम्हीही नाही.

एवढं आलोच होतो म्हणून पाताळकोट पाहिलं. दरीच्या तळाशी गावं आहेत, काठावरून घरांचे ठिपके दिसतात, कठड्याशी मुलांना सांभाळा. त्या दिवशी दरीत धुरकं भरलं होतं आणि काहीच दिसत नव्हतं. दादा दरीकडे पाठ करून बसला होता. मी दोन फोटो काढले, ते इथे टाकलेले नाहीत.

परतीला तामियाहून छिंदवाडा आणि तिथून नागपूर, अशा दोन बसगाड्या. सीट मिळते, पाणी जवळ ठेवा. सौसर आलं तेव्हा जामसावळीचं मला आठवलं, दादा खिडकीतून बाहेर पाहत होता. सावनेरच्या अलीकडे तो बोलला.

"बाबाले झडपेचं सांगू नको."

मला असा राग आला की काय सांगू. "काहून? त्याईनंच काढाले लावली ना? तुह्यं काम गेलं, अन् तूच झाकून ठेवतं?"

"त्याईच्याजवळ आता काय हाये वं बाई? गुडघे नाही, डोळे नाही. लोक येऊन विचारते, तेवढं हाये."

"मग इंजिन दुरुस्त कर. झडप लाव, दुसऱ्याले विक."

"थे गॅरेजमंधीच करावं लागन ना. लावली तं बाबाले समजन."

सावनेरला बस थांबली, मी उतरून पाण्याची बाटली भरून घेतली.

बाबा गॅरेजमध्ये खुर्चीतच होते. सोबत एक जुने जीपवाले काका बसले होते, बाबांचे तीस-पस्तीस वर्षांचे गिऱ्हाईक. दादाने पिशवी खाली ठेवली.

"पाइपाची क्लिप ढिली राह्यली बाबा," तो म्हणाला. "पाइप निसटला, पाणी गेलं. ध्यानात येईपर्यंत हेड बसलं."

बाबा त्या काकांच्या देखत म्हणाले, "बावन्न वर्षांचा झाला. क्लिप आवळता नाही येत तुले?"

"चुकलं."

"एवढं करून दिलं तुले. एवढं सगळं पाहून दिलं." त्यांचा आवाज फाटला. मग माझ्याकडे वळले. "तू तं संगं होती ना वं. तू पाह्यला पाइप निसटलेला?"

दादाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाह्यला बाबा," मी म्हणाले.

तामिया चांगलं आहे. माणसं साधी आहेत, खोल्या स्वस्त आहेत, हिवाळ्यात पहाटे दरीत ढग उतरतात असं दुबेजी सांगत होते. तुम्ही जा. मी बरीच ठिकाणं पाहिली आणि प्रत्येक ठिकाणाहून परत येताना मन थोडं मोकळं झालेलं असायचं. या वेळी झालं नाही. मला बाबांचा राग येतो, मग त्यांची कीव येते, मग दादाचा राग येतो, आणि शेवटी माझा, की माझ्याही तोंडून 'पाह्यला' इतकं सहज निघालं.

दादाने तामियाला जाऊन जुनं इंजिन परत बसवून दिलं. जपानी इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे. जूनपासून तो कळमेश्वरला जातो, सकाळची कंपनीची बस, निळा शर्ट. गॅरेज संध्याकाळी तासभर उघडतं. बाबा दिवसभर तिथेच बसतात आणि विचारायला येणाऱ्यांना सांगतात की पोरगा कष्टाळू आहे, पण हात कच्चा राहिला.

मागच्या रविवारी मी जेवायला गेले होते. दादा ताटावर बसला होता, बाबा समोर.

"बरं झालं कंपनीत लागला," बाबा मला म्हणाले, दादा ऐकत असताना. "तिथं त्याच्या मागं तपासणारं कोणी असते."

"हो बाबा," दादा म्हणाला, आणि त्याने आणखी एक पोळी मागितली.