कोंबड्याचा पुरावा

कोणाच्याही घरी गेले की आमचे वकील आधी पायरीवर काठी आपटून बघत. चिरा हलला की खुशाल खालीच उभे राहून हाक मारत, "मालक कोण रे हंय? भायर ये." चहाच्या आधी तो चिरा बसवून घेत. मालवणात लोक त्यांना घरी बोलवायला बिचकायचे, ते काय उगाच?

मी त्यांचा कारकून. पन्नास-साठच्या त्या काळात आमच्याकडे दावे म्हणजे भावाभावांचे बांध नाहीतर माडांच्या वाटण्या. दुसऱ्याच्या जागेत पडून हाड मोडलं म्हणून कोणी कोर्टात जाईल, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

देवबागच्या वाटेवर एका बागायतदाराची माडांची बाग होती. मासे विकणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच बाजारात जायच्या. वाटेला लागूनच विहीर, कठडा ढासळलेला, वर गवत माजलेलं. त्यांच्यातली एक पाटीसकट आत गेली. जीव वाचला, पण खुबा मोडला. तिच्या पाटीवर तर सगळं घर चालायचं.

आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो, जागा सांभाळणारा देव. बागायतदाराने दुसऱ्याच दिवशी त्याला कोंबडा दिला आणि हात झटकले. राखणदार कोपला, त्याला मी काय करू, म्हणाला. आणि कहर म्हणजे त्या बाईलाही ते पटलेलं! आपलंच काही चुकलं असेल म्हणून ती राखणदाराला नारळ द्यायला निघाली होती. वकिलांनी कितीतरी वेळा तिच्या दारी जाऊन, ती नेमकी कुठे पडली ते विचारून, तिला कसंबसं दाव्याला तयार केलं.

कोर्टात समोरच्या वकिलाने तिला विचारलं, तुला विहिरीत ढकललं कोणी? ती हात जोडून म्हणाली, "राखणदारान." झालं! सगळे हसले. मी कपाळाला हात लावला.

आमचे वकील शांतपणे उठले. राखणदाराविरुद्ध त्यांनी चकार शब्द काढला नाही. दरवर्षी ते स्वतः त्याला मान देत. त्यांनी बागायतदाराला एवढंच विचारलं, कोंबडा कोणी दिला? तो छाती पुढे काढून म्हणाला, मीच, दुसरा कोण देणार? जागा माझी.

"रावसाहेब," वकील न्यायाधीशांना म्हणाले, "राखणदाराला राजी ठेवणं मालकाचं काम, हे यांना मान्य आहे. मग विहिरीला कठडा बांधणं कोणाचं?"

निकाल बाईच्या बाजूने लागला, भरपाई मिळाली, कठडाही झाला. पाय मात्र सरळ झाला नाही. ती बाजारात बसून मासे विकू लागली.

वकील वारले त्या दिवशी ती लंगडत आली आणि त्यांच्या अंगणात बसून राहिली. एवढ्या लांब, असा पाय घेऊन कशाला आलीस, म्हटलं.

"सगळ्यांनी माका इचारल्यानी, कशाक पडलंस," ती म्हणाली. "ह्यांनी एकट्यांनी इचारल्यानी, बाय, खंय पडलंस."