आडवं जाणारं चाक

२०१८ साल. मी सदुसष्ट वर्षांचा. त्या साली मी जे केलं ते आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, मुलाला नाही, आणि जिला सगळ्यांच्या आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. माझी शाळा तिसरीपर्यंतची. लिहायला वेळ लागतो. पण तोंडानं सांगायला बसलो तर मी ऐन वेळी विषय बदलेन, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून लिहितो.

शहापूरच्या बाजारपेठेच्या टोकाला माझं दुकान. सायकलींची पंक्चरं काढायची, हातगाड्यांना चाकं बसवायची, आणि चिखलणीच्या आधी ट्रॅक्टरची लोखंडी चाकं वेल्डिंग करून द्यायची. भाताच्या चिखलात रबरी टायर नुसता जागच्या जागी फिरतो, म्हणून ही दात्यांची चाकं. डोळखांबपासून मुरबाडपर्यंत माझी चाकं गेली आहेत. सगळा जन्म एकच गोष्ट करून पाहिली — चाकाची पकड सुटली की गाडी रुतली. आणि चाकातलं मला दुसऱ्या कुणी शिकवावं? छे.

त्या वर्षी शाळेला रोबोटचं सामान मिळालं. पाच पोरींचा गट केला विज्ञानाच्या सरांनी. ठाण्याला स्पर्धा होती. शाळेत पत्रा कापायला काही नव्हतं, म्हणून पोरी माझ्या दुकानात आल्या. माझ्याच दुकानात का, कुणाच्या सांगण्यावरून आल्या, माहीत नाही. पण आल्या ते बरं झालं हो. माझा मुलगा कल्याणला राहायला गेल्यापासून दुकानात गिऱ्हाइकाशिवाय कुणी बसत नव्हतं. या पोरी येऊन बसायच्या, चिंचा खायच्या, मला ‘आबा’ म्हणायच्या. त्यांची पुढारी सुप्रिया. डोळखांबकडच्या एका पाड्यावरची, शिकायला मावशीकडे राहिलेली. नववीत होती. पंक्चर काढायला आठवड्यात शिकली, आणि रबर चिकटवायचं सोल्युशन बोटानं लावू नका म्हणून मलाच दटावायला लागली.

भांडण झालं चाकांवरून. गाडीला चार चाकं, स्टेअरिंग नाही. डावीकडची चाकं पुढे आणि उजवीकडची मागे फिरवली की गाडी जागेवर वळते. मी म्हणालो, चारही रबरी लावा, घट्ट. सुप्रिया म्हणाली, मागची दोन रबरी, पुढची दोन वेगळी. ती वेगळी चाकं तिनं दाखवली. चाकाच्या कडेनं बारीक बारीक रोलर बसवलेले. सरळ ढकललं तर साध्या चाकासारखं चालायचं, आडवं ढकललं तर रोलर फिरून बाजूला सरकायचं. मला हसूच आलं.

“घसरतं ते चाक कसलं गो? उद्या कुणी बाजूनं धडक दिली तर लोटून नेईल तुमाला.”

“चाक आडवं जातं म्हणून गाडी वळते, आबा,” ती म्हणाली. “तुमी आडवे येता म्हणून काम अडतं.”

पोरी खिदळल्या. दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही हसली. मीही हसलो — पण आत काय झालं ते माझं मला कळलं. एवढीशी गोष्ट! पोरीनं थट्टा केली, हक्कानं केली, आपलं मानून केली. नातवंडानं केली असती तर मी गावभर सांगत फिरलो असतो. मग तेव्हा का टोचली?

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी दुकानासमोर गाडी चालवून पाहिली. सुंदर वळली. जागच्या जागी, भिंगरीसारखी. मी डोळ्यांनी पाहिलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे कुणी म्हणेल की म्हाताऱ्याला खरंच वाटलं असेल त्याचंच बरोबर. नाही. मी ती वळताना पाहिली होती.

पोरी वडापाव खायला निघाल्या. मी म्हणालो, जावा तुम्ही, मी गाडी खोक्यात नीट बांधतो. त्या ‘आबा किती चांगले’ म्हणत गेल्या. आणि मी — काय लिहू — पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब घेतली आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या एकेका रोलरच्या पिनेत थोडं थोडं सोडलं. वरून काही दिसत नव्हतं. सुकलं की रोलर फिरणार नव्हते. ट्यूबचं झाकण लावलं, खोक्याला सुतळी बांधली, वर ‘सांभाळून’ असंही लिहिलं.

ठाण्याला मलाही नेलं होतं त्यांनी. सर म्हणाले, आबांशिवाय कसं जायचं? पोचायला उशीर झाला, सराव न करताच नंबर लागला. गाडीनं चेंडू उचलून वळून टोपलीत टाकायचे होते. सरळ गेली. वळायला लागली तशी जागच्या जागी उड्या मारायला लागली, बेडकासारखी. मोटारी घुं घुं करून तापल्या, आणि ती तिथंच बसली. एकही चेंडू पडला नाही. गटातली सगळ्यात लहान पोर, परी, मटकन खाली बसून रडायला लागली.

सुप्रियानं गाडी उलटी केली. रोलर नखानं फिरवून पाहिला. मग बोट नाकाशी नेलं. तो वास तिला कळणार नाही? माझ्याच दुकानात शिकलेली ती. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो, आणि जमिनीकडे बघत होतो.

ती सरांना म्हणाली, “सर, माझ्याच हाताला सोल्युशन असेल. काल पंक्चर काढलं होतं मी. माझी चूक आहे.”

सर संतापले. पुढच्या वर्षी पुढारी दुसरी असेल, म्हणाले. येताना गाडीत पोरी तिच्याशी बोलल्या नाहीत. मी खिडकीशी. माझ्या तोंडात जीभ होती की नव्हती?

तिला खरंच तसं वाटलं, की तिनं मला वाचवलं? आजही मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की पुढच्या शनिवारी ती दुकानात आली आणि पाना मागितला. त्याच्या पुढच्याही आली. पुढारीपण गेलं, तरी दुसऱ्या पोरींच्या गाड्यांना चाकं तीच निवडून द्यायची. अमुक चाक का घेतलं ते मला बसवून सांगायची. मी ऐकायला लागलो. साठी उलटल्यावर मला चाक कळायला लागलं ते त्या पोरीमुळे. माझी बायको अर्धांगानं पडली तेव्हा बाजारातून आणलेली चाकांची खुर्ची आमच्या स्वयंपाकघराच्या दारात वळेना. सुप्रियानं तसलीच आडवी सरकणारी चाकं मागवून खुर्चीच्या पुढच्या बाजूला बसवली. बायको आता स्वतः चुलीपर्यंत जाते, वळते, मला शिव्या घालत परत येते. घरात तो आवाज आहे हे सुप्रियाचे उपकार. आता ती इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत येते तेव्हा आधी बायकोपाशी बसते, मग माझ्याकडे. असं माणूस माझ्या वाट्याला आलं, याला मी काय म्हणू?

पण सोल्युशन हे अर्धंच झालं. उरलेलं अर्धं ठाण्याहून आल्यावरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला दुकान उघडलं. शेजारचा चहावाला आला, मागोमाग पेठेतले चार-पाच जण.

“काय आबा, हरली म्हणं तुमची गाडी?”

मी म्हणालो, “मी पहिल्यापासून सांगत होतो. त्या डोळखांबच्या पोरीनं ऐकलं नाय. हात बरबटलेले तिचे. तिला चाकातलं काय कळतं?”

सगळे हसले. मग मी सगळ्यांना चहा सांगितला.